‘शांतपणे बोल’ हे नेमकं कोणाला सांगायचं?

‘आधी आवाज खाली कर, मग बोलू.’ हे वाक्य तुम्ही आजवर किती वेळा ऐकलंय आणि कोण कोणाला म्हणत होतं, जरा आठवून बघा. बाप मुलीला म्हणतो. मॅनेजर ज्युनिअरला म्हणतो. सासू सुनेला, घरमालक भाडेकरूला, सोसायटीचे सेक्रेटरी वॉचमनला. उलट्या दिशेने जाताना हे वाक्य मी तरी पाहिलेलं नाही. ‘साहेब, आधी आवाज खाली करा, मग बोलू,’ असं वॉचमन म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी गेटवर नवा वॉचमन दिसेल.

भांडण शांतपणे, समोरच्याचा मान राखून सोडवावं, याबद्दल कोणाचं दुमत नाही. माझंही नाही. रोज आठ-दहा माणसांसोबत एकाच कोडवर काम करतो, त्यामुळे चढलेल्या आवाजात एकही बग सुटत नाही हे मला चांगलं माहीत आहे. माझी तक्रार या सल्ल्याच्या वाटपाबद्दल आहे. शांत राहण्याचं काम आपण कायम त्याच्याच गळ्यात मारतो, ज्याच्या हातात आधीच काही नसतं. ज्याच्या हातात पगार, घर, मार्क किंवा लग्नाची परवानगी असते, तो ओरडला तर ‘त्यांचा स्वभावच तसा आहे, मनाचे चांगले आहेत’. खालचा ओरडला तर ‘संस्कार नाहीत’.

आपली भाषाच बघा. ‘समजूतदार’ आपण कोणाला म्हणतो? शब्द ऐकला तर वाटतं, ज्याला गोष्ट समजते तो. प्रत्यक्षात घरातली समजूतदार मुलगी म्हणजे जिने आपला हट्ट सोडला ती. समजूतदार सून म्हणजे जी उलट बोलत नाही ती. दोन भावांच्या वाटणीत जो कमी घेतो तो समजूतदार. आपण समोरच्याची समजूत काढतो, त्याला समजून घेत नाही. या दोन क्रियापदांमध्ये जेवढं अंतर आहे, तेवढंच अंतर भांडण दाबणं आणि भांडण सुटणं यांच्यात आहे.

माझ्या आधीच्या एका कंपनीतली गोष्ट. टेस्टिंग अर्धं झालेलं असताना शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नये, असं मी मीटिंगमध्ये दोनदा सांगितलं. आवाज न चढवता, कोणते टेस्ट राहिलेत त्याची यादी दाखवून. साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि ‘मला कारणं नकोत’ म्हणाले. रिलीज झालं. शनिवारी पेमेंटचं पान बंद पडलं आणि रविवार आम्ही चौघांनी लॅपटॉपसमोर काढला. सोमवारी चर्चा कशावर झाली? टीममधल्या ‘निगेटिव्हिटी’वर. माझ्या अप्रेझलमध्ये आलं : काम उत्तम, संवादकौशल्य सुधारायला हवं. पुढच्या महिन्यात आम्हा ज्युनिअर मंडळींसाठी संवादकौशल्याचं दोन तासांचं ट्रेनिंग ठेवलं गेलं. ‘तुम्ही चुकलात’ असं म्हणू नका, ‘मला असं वाटतं’ असं म्हणा, ही त्यातली पहिली स्लाइड. टेबलावर हात आपटणाऱ्याला मात्र कोणी ट्रेनिंगला बसवलं नाही.

‘मला असं वाटतं’ने वाक्य सुरू करायला माझी काहीच हरकत नाही. पण सौम्य वाक्य ऐकून घेणारा कान समोर नसेल, तर ते वाक्य फक्त बोलणाऱ्याचं रक्षण करतं. मूळ प्रश्न तसाच राहतो. कधीकधी त्यात माणसं मरतात.

हे मी रंगवून सांगत नाहीये. २७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ बेटावरचा लॉस रोदेओस विमानतळ. दाट धुकं. एकाच धावपट्टीवर दोन अजस्र बोइंग ७४७, एक केएलएमचं, एक पॅन अ‍ॅमचं. केएलएमचा कॅप्टन म्हणजे कंपनीतला मोठा माणूस, इतर वैमानिकांना प्रशिक्षण देणारा. त्याने उड्डाणासाठी विमान पळवायला सुरुवात केली. रेडिओवरचं बोलणं ऐकून फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही की काय, असं त्याने विचारलं. कॅप्टनने ठासून ‘झालंय’ अशा अर्थाचं उत्तर दिलं. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. काही सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. या अपघाताला धुकं, रेडिओचा घोळ, संदिग्ध शब्द अशी बरीच कारणं होती. पण त्या कॉकपिटमध्ये भांडण झालं नव्हतं, हे लक्षात घ्या. सगळं आपल्या शाळेतल्या ‘हाताची घडी, तोंडावर बोट’सारखं शिस्तीत चाललं होतं.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान चाकांच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं. कॅप्टन त्या बिघाडात गुंतला होता. इंधन कमी होतंय याचा उल्लेख सहकाऱ्यांनी केला, पण ‘आता उतरलंच पाहिजे’ असं ठाम कोणी म्हणालं नाही. इंधन संपलं, विमान पडलं, १० माणसं मेली. त्यानंतरची तपास यंत्रणेची शिफारस मला फार मोलाची वाटते, कारण ती दोन्ही बाजूंना होती. कॅप्टनने सहकाऱ्यांना निर्णयात सामील करून घ्यायला शिकावं आणि सहकाऱ्यांनी ठामपणे बोलायला शिकावं. १९८१मध्ये युनायटेडने असं प्रशिक्षण सुरू केलं आणि पुढे जगभरच्या विमान कंपन्यांनी ते उचललं. ज्युनिअरला फक्त ‘नम्र राहा’ सांगून विमानं सुरक्षित झाली नाहीत. सिनिअरलाही वर्गात बसावं लागलं.

आता इथे एक जण हमखास हात वर करतो. तो म्हणतो, ‘म्हणूनच मी तोंडावर बोलतो. मला गोड बोलता येत नाही. मी स्पष्टवक्ता आहे.’ या स्पष्टवक्त्याचा मला खरंच कंटाळा आलाय. त्याला एकच प्रश्न विचारा : इतकंच स्पष्ट तू तुझ्या साहेबाच्या साहेबाशी बोलतोस का? तिथे त्याला बरोबर गोड बोलता येतं. म्हणजे तो स्वभाव नसतो, हिशोब असतो.

आमच्या क्षेत्रात या स्पष्टवक्तेपणाचं मोठं मंदिर होतं, ते म्हणजे लिनक्स कर्नेल. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या आत तेच चालतं. त्याचा जनक लायनस टॉरवॉल्ड्स वर्षानुवर्षं लोकांच्या कोडवर जाहीर ईमेलमध्ये शिवीगाळ करायचा आणि कॉलेजातली पोरं त्या ईमेलचे स्क्रीनशॉट भक्तिभावाने फिरवायची. दर्जा राखायचा तर असंच बोलावं लागतं, असा समज होता. १६ सप्टेंबर २०१८ला त्याच टॉरवॉल्ड्सने आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि लोकांच्या भावना समजून घ्यायला आपण मदत घेणार आहोत, असं सांगून काही आठवडे बाजूला झाला. त्याच सुमाराला कर्नेलच्या कामाला नवी आचारसंहिता लागू झाली. धाक गेला की दर्जा जाईल, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. कर्नेल कोसळलं नाही. त्याच्या नव्या आवृत्त्या नियमित येत राहिल्या आणि वाईट कोड अजूनही नाकारला जातो. कोड नाकारायला माणूस नाकारावा लागत नाही, एवढंच त्यातून सिद्ध झालं. आणि बदल कुठून आला बघा. ज्याच्या शब्दाला सगळ्यांत जास्त वजन होतं, त्याने स्वतःचा आवाज खाली केला.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्र सरकारने २००७मध्ये ‘महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम’ सुरू केली. कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा गावात बसून तोडगा काढावा, ही कल्पना चांगलीच आहे. पण त्यात गावाला बक्षीस होतं आणि बक्षीस आलं की मोजमाप आलं. मिटलेले तंटे मोजता येतात. ते न्यायाने मिटले की एकाने नमतं घेतलं म्हणून, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? आमच्याकडे बगच्या तिकिटांचं हेच होतं. महिनाअखेरीला किती तिकिटं बंद झाली याचा आलेख साहेबांना हवा असतो, मग बग तसाच ठेवून तिकीट बंद करणारे हुशार लोक तयार होतात. आपल्या घरातली, ऑफिसमधली निम्मी ‘मिटलेली’ भांडणं अशी बंद केलेली तिकिटं आहेत. तोच बग पुढच्या दिवाळीला पुन्हा उघडतो, फक्त तेव्हा निमित्त फराळाचं असतं.

मग शांतपणे बोलणं म्हणजे काय? माझ्या मते त्याचा आवाजाच्या पट्टीशी थोडा आणि नेमकेपणाशी जास्त संबंध आहे. समजा, तिघं मिळून एका फ्लॅटमध्ये राहतात आणि एक जण विजेच्या बिलाचे पैसे दर वेळी उशिरा देतो. आपण सहसा काय करतो? ग्रुपवर ‘काही लोकांना आठवण करून द्यावी लागते’ असा टोमणा टाकतो. तो बघतो, ब्लू टिक येते, उत्तर येत नाही. आवाज कुठेच चढलेला नाही, पण हे शांतपणे बोलणं नव्हे. शांतपणे बोलणं असं असतं : ‘गेल्या तीन महिन्यांचं बिल मी भरलंय. तुझे दोन हजार यायचेत. महिनाअखेरीला माझी ओढाताण होते. पाच तारखेपर्यंत देऊ शकशील का? जमत नसेल तर का ते सांग, मार्ग काढू.’ काय घडलं, मला त्याचा काय त्रास झाला, मला काय हवंय, कधीपर्यंत. यात ‘तू नेहमीच असा’ नाही, त्याच्या आईवडिलांचा उद्धार नाही आणि ‘राहू दे रे, काही नाही’ हेसुद्धा नाही.

पण ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी समोरच्याने करायची असते. त्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं : ‘म्हणजे तीन महिने तूच भरतोयस आणि तुला अडचण होतेय, बरोबर?’ वैमानिक कंट्रोल टॉवरचा आदेश असाच परत म्हणून दाखवतात, म्हणजे ऐकण्यातली चूक तिथल्या तिथे सापडावी. आपल्या घरात शेवटचं असं कधी झालं होतं? वडील मुलाला म्हणाले असतील का, ‘थांब, तुझं म्हणणं मला नीट कळलंय का ते आधी बघू दे’? ज्याच्या हातात जास्त आहे, त्याने हे आधी करावं, एवढीच माझी मागणी आहे. मान राखणं म्हणतात ते याला. ‘अहो-जाहो’ हा त्यातला सगळ्यांत स्वस्त भाग आहे.

आणि काही ठिकाणी ‘बसून बोला’ हा सल्लाच द्यायचा नसतो. हात उचलणाऱ्या नवऱ्याशी कसं शांत बोलावं, याचे धडे बायकोला देऊ नयेत. तिला तिथून बाहेर पडायला मदत करावी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याला हे कळतं. चौकशीआधी समेट करायचा असेल, तर तो तक्रार करणाऱ्या स्त्रीने स्वतः विनंती केली तरच, आणि पैशांच्या आधारावर समेट करता येत नाही, असं त्याचं दहावं कलम सांगतं. म्हणजे बोलून मिटवायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क ज्याला इजा झाली त्याच्याकडे. ही साधी गोष्ट आपल्या ‘जाऊ दे ना, घरातलंच आहे’वाल्या काकांना आणि ‘टीमचं वातावरण बिघडेल’वाल्या एचआरला कळायला हवी.

माझ्या वयाची पोरं आता हळूहळू वरच्या खुर्चीत बसू लागली आहेत. कोणी टीम लीड होतोय, कोणाच्या घरी नवी सून येतेय, कोणी सोसायटीच्या कमिटीवर निवडून आलाय. आपल्याला जे ऐकावं लागलं, तेच वाक्य आता आपल्या तोंडात यायला टपलंय. पुढच्या वेळी समोरचा चिडून बोलायला लागला की ‘आधी शांत हो’ म्हणायच्या आधी बघा, त्या खोलीत जास्त ताकद कोणाकडे आहे. ती तुमच्याकडे असेल, तर शांत राहण्याचं काम तुमचं आहे. त्याला चिडून का होईना, पूर्ण बोलू द्या. त्याने मांडलेला प्रश्न त्याच्या आवाजापेक्षा मोठा असण्याची शक्यता बरीच आहे.