शितावरून भात, एक्झिट पोलवरून गुंतवणूक



निवडणुका आल्या की एक्झिट पोलच्या आकड्यांवर आपल्या उद्यमबागेत चहाच्या गाड्यापासून घराघरांपर्यंत चर्चा रंगते. चर्चा जरूर व्हावी. पण त्या आकड्यांवर निवृत्तीचा पैसा लावण्याआधी जून २०२४ आठवावा.

१ जूनच्या संध्याकाळी बहुतेक संस्थांनी एनडीएला ३५० हून अधिक जागा दिल्या. ३ जूनला, सोमवारी, सेन्सेक्स सुमारे २,५०० अंशांनी चढला. ४ जूनच्या मतमोजणीत एनडीए २९३ वर थांबली आणि सेन्सेक्स एका दिवसात सुमारे ४,४०० अंशांनी कोसळला.

अंदाज का चुकतात? शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातला भात सारखाच शिजतो. मतदारांचे तसे नसते. निपाणी ज्या चिक्कोडी मतदारसंघात येते तिथे काँग्रेस जिंकली, शेजारच्या बेळगावात भाजप. शिवाय हजार जणांना विचारले, तर नमुना अगदी नीट निवडूनही टक्केवारी तीनेक टक्के इकडेतिकडे होऊ शकते. आणि भाजपची देशभरातली मते २०१९ च्या ३७.४ टक्क्यांवरून ३६.६ टक्क्यांवर आली, म्हणजे एक टक्काही घट नाही. जागा मात्र ३०३ वरून २४० झाल्या.

म्हणून नमुना टाकाऊ ठरत नाही. बँकेत फाउंड्रीला कॅश क्रेडिट देताना आम्ही गोदामातला प्रत्येक नग मोजत नसू. काही ढीग तपासायचे आणि स्टॉक स्टेटमेंटशी ताडून पाहायचे. तपासणी अपुरी आहे हे माहीत असे, म्हणूनच मार्जिन ठेवायचे: माल शंभराचा, तर कर्ज पंचाहत्तर. मोजणी पाच-दहाने चुकली तरी कर्ज बुडत नसे.

घरच्या पैशालाही असेच मार्जिन हवे. ७ जूनलाच सेन्सेक्स ३ जूनच्या पातळीपुढे गेला. ज्याला थांबता आले, त्याचे फारसे बिघडले नाही. पण उसने घेतलेले किंवा पुढच्या आठवड्यात लागणारे पैसे गुंतवणाऱ्याला थांबणे परवडत नाही. आणि भरपाई दर वेळी इतक्या लवकर होईलच असेही नाही.

पुढच्या वेळी टीव्हीवर आकडे झळकले की ‘कोण येणार?’ याबरोबर ‘हे चुकले तर माझे काय जाईल?’ हेही विचारावे. उत्तर ‘औषधपाण्याचे पैसे’ किंवा ‘लेकीच्या लग्नाचे पैसे’ असे आले, तर ते मुदत ठेवीतच बरे.