सुरी गंजते म्हणून...

परवा आमच्या घरी एक छोटंसं युद्ध झालं. कारण काय, तर माझी लोखंडी सुरी. भंगारवाल्यासाठी काढलेल्या पिशवीत ती मला सापडली.

"आई, गंजलीय हो ती. कुणाला कापलं तर धनुर्वात व्हायचा," सूनबाईचं म्हणणं.

चूक माझीच होती. आदल्या रात्री लिंबू चिरलं आणि फोनवरच्या गप्पांत सुरी तशीच सिंकमध्ये राहिली. सकाळी बघते तर तांबूस डाग! पण म्हणून थेट भंगारात?

गुडघ्यांनी विळीवर बसणं बंद केलं तेव्हा गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्याच्या तुकड्यातून ही सुरी घडवून दिली. त्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्तच असतो, म्हणून तापवून झटकन थंड केलं की ते कडक होतं. यालाच पाणी देणं म्हणतात. साध्या लोखंडी पट्टीला कितीही पाणी द्या, ती तशी कडक होत नाही. तेव्हा मंडळी, सुरी घेताना चकाकी बघू नका, लोखंड कुठलं ते विचारा.

स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते सहसा गंजत नाही, हे कबूल. महागड्या सुऱ्यांचं मला ठाऊक नाही, पण आमच्याकडच्या स्वस्त चकचकीत सुरीखाली पिकला टोमॅटो चिरत नाही, चेंगरतो. माझी सुरी कपाच्या बुडावर दहा वेळा घासली की पुन्हा तयार. धारवाल्याकडे दिली तर मात्र मी शेजारी उभी राहते. चाकावर पातं तापून निळं पडलं की दिलेलं पाणी उतरलंच म्हणून समजा. मधूनमधून पाण्यात बुडव रे बाबा, असं त्याला सांगावं लागतं.

आणि काळं पडणं म्हणजे गंज नव्हे. कांदा-वांगी चिरून येणारा करडा-काळा रंग राहू द्यावा, त्याने पातं थोडं सांभाळलंच जातं. तांबूस दिसलं तर काथ्याने घासून काढावं. लिंबू, चिंच, कैरी चिरली की लगेच धुवायचं, कोरडं पुसायचं. चार दिवस वापरायची नसेल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. एवढंच तर काम!

राहिला धनुर्वात. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, विज्ञान नाही, पण तो गंजाने होत नाही एवढं मलाही माहीत आहे. त्याचे जंतू माती-शेणात असतात. खोल कापलं तर डॉक्टरला दाखवावंच, मग सुरी चकचकीत का असेना.

असो. सूनबाईला हे सगळं पटलंय असं नाही. पण काल कोबी चिरायला तिने तीच सुरी घेतली. पुसून मात्र मीच ठेवली.