मुलाचे क्रियापद पाहावे

आमच्या यावलात स्थळ आले की पूर्वी पहिला प्रश्न ‘मुलगा काय करतो?’ हा नसे. ‘स्थळ कोणी सुचवले?’ हा असे. मध्यस्थ फैजपूरचा असो की बामणोदचा, त्याची पत तीच स्थळाची पत. पुढे काही वावगे निघाले तर लोक त्याला आठवडे बाजारात गाठून जाब विचारीत. मुलाचा हेतू काय, असे कोणी विचारीत नसे. हेतू एकच, लग्न. हुंड्याचा दुसरा हेतू पोटात दडलेला असे, आणि १९६१ चा कायदा होऊनही तो पुष्कळ घरांत दडूनच राहिला. तेव्हा जुने ते सगळे सोने होते, असे समजण्याचे कारण नाही.

आता मध्यस्थाच्या जागी मोबाईल आला. टिंडर नावाचे ॲप अमेरिकेत २०१२ साली निघाले. त्याच्या मागून आणखी कितीतरी. फोटोवर बोट उजवीकडे सरकवले की पसंत, डावीकडे सरकवले की नापसंत. दोघांची पसंती जुळली तर बोलणे सुरू. पण बोलणे कशासाठी? लग्नासाठी, मैत्रीसाठी, की नुसता वेळ घालवण्यासाठी?

हा पेच सरकारलाही पडला. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांना बजावले, की आपण लग्नासाठी आहोत, डेटिंगसाठी नव्हे, असे स्पष्ट जाहीर करा आणि नाव नोंदवणाऱ्याकडूनही तसे कबूल करून घ्या. टिंडरने २०२२ मध्ये आपला हेतू लिहिण्याची सोय केली. त्यात ‘अजून ठरवतो आहे’ असाही एक पर्याय आहे. मला तर तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो!

गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याहून घरी आली होती. म्हणाली, “मॅडम, सात महिने एकाशी बोलतेय. माणूस चांगला वाटतो, पण त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. तुम्ही कवितेतला गर्भितार्थ सांगायच्या, तसा याचाही सांगा.” आणि तिने मोबाईल पुढे केला.

मी गर्भितार्थाच्या वाटेला गेले नाही, व्याकरण पाहिले. क्रियापदाचे अर्थ चार : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘एकदा निवांत भेटावे म्हणतो’, हा विध्यर्थ. ‘सुट्टी मिळाली असती तर आलो असतो’, हा संकेतार्थ. ‘फोटो पाठव’, हा आज्ञार्थ. ‘रविवारी येतो’ असे स्वार्थातले वाक्य सात महिन्यांत एकही नव्हते. व्याकरणातला स्वार्थ म्हणजे आपमतलब नव्हे. क्रियापदाने आडपडदा न ठेवता सरळ काय ते सांगणे, एवढेच.

ती हसली, आणि मग गप्प झाली.

संकेतार्थात बोलणारा प्रत्येक जण लबाड असतो, असे मात्र नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला : लग्नाचे वचन देतानाच ते पाळण्याचा हेतू नसणे निराळे, आणि मनापासून दिलेले वचन पुढे पाळता न येणे निराळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ प्रमाणे, हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण न्यायालयात हेतू सिद्ध व्हायला साक्षीपुरावे लागतात. मुलीला तो त्याच्या पुष्कळ आधी कळायला हवा.

आमच्याकडे केळीचा घड कापतात तो हिरवाच. तो तयार झाला की नाही, हे जाणता शेतकरी रंगावरून ठरवीत नाही. केळ्याच्या धारा जाऊन गोलाई आली का, ते पाहतो. माणसाचेही तसेच. गोड बोलणे हा रंग. दिलेली वेळ पाळणे, आपल्या मित्रांत ओळख करून देणे, घरच्यांविषयी मोकळेपणी सांगणे, ही गोलाई. आणि प्रत्यक्ष भेटीआधीच जो पैसे मागतो, त्याच्याबाबत व्याकरणाचीही गरज नाही. फसवणूक झालीच तर १९३० हा सरकारी मदत क्रमांक आहे.

मुलीने त्याच रात्री त्याला सरळ विचारले, “तू लग्नाचा विचार करतोस का?” उत्तर आले, “वेळ आली की पाहू.” तिने ते उत्तर पुरेसे मानले. तिला वाईट वाटले, पण आठवे वर्ष उलटण्याऐवजी आठवा महिना लागण्याआधी वाटले.

मला खटकले ते वेगळेच. हे सारे ती आईला सोडून माझ्याकडे घेऊन आली, कारण घरी पहिला प्रश्न झाला असता, ‘त्या ॲपवर गेलीसच का?’ पूर्वीचा मध्यस्थ चार ठिकाणी विचारपूस करी, आणि त्याच्याकडे जायला कोणाला लाज वाटत नसे. त्याची जागा आज रिकामी आहे. या दिवाळीला मुले घरी येतील, तेव्हा फराळाच्या ताटाशी ती जागा आई, मावशी, काका यांपैकी कोणीतरी घ्यावी. मात्र विचारपूस करावी, उलटतपासणी नको.