फोटोतल्या माणसाला विचारलं का?

बऱ्याच दिवसांनी अकोल्याला ताईकडे मुक्काम झाला. रात्री जेवणं आटोपल्यावर भाचीनं विषय काढला. तिच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती आणि तिची बाजू अशी की, युद्धकाळातले जुने फोटो त्या माणसांना न विचारता काढलेले आहेत, म्हणून ते चुकीचेच.

मी नेहमीप्रमाणे लगेच विरोधी पक्षात जाऊन बसलो.

म्हटलं, १९४३ चा बंगाल घे. महायुद्ध सुरू. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतलेला, तिथला तांदूळ बंद. लाखो माणसं उपाशी मेली, पण सरकारनं कागदोपत्री दुष्काळ काही जाहीर केला नाही. २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'नं रस्त्यावर पडलेल्या भुकेल्यांचे फोटो छापले आणि मग ते दडवणं कठीण झालं. सुनील जाना यांनीही बंगालमध्ये फिरून असेच फोटो काढले. मरणाऱ्या माणसापुढे संमतीचा कागद कोण धरणार? आणि ते फोटो निघालेच नसते तर सोय कोणाची झाली असती? सरकारचीच ना?

भाची म्हणाली, "मामा, बंगालचं ठीक आहे. पण किम फुकचं काय?"

तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला असणार. ८ जून १९७२, व्हिएतनाममधलं ट्रांग बांग. नापामनं भाजलेली नऊ वर्षांची मुलगी, अंगावर कपडा नाही, रस्त्यानं ओरडत पळतेय. त्याला पुलित्झर मिळालं. २०१६ मध्ये फेसबुकनं तो नग्नतेच्या नियमाखाली काढून टाकला, तेव्हा केवढी ओरड झाली! मग परत आणला. तो नेमका काढला कोणी यावरही आता वाद आहे. २०२५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोनं निक उट यांचं श्रेय स्थगित केलं. म्हणजे फोटो कोणाचा याची पन्नास वर्षांनंतरही चौकशी होते. पण किम फुक यांनीच लिहिलंय की मोठं होताना त्यांना त्या फोटोची लाज वाटायची, राग यायचा. पुढे त्यांनीच तो आपलासा केला आणि शांततेच्या कामासाठी वापरला. होकार आला, पण कित्येक वर्षांनी.

"तेव्हा असे विचारच नव्हते गं," मी म्हटलं. तर तिनं मोबाइलवर १९४९ चा जिनिव्हा करार काढून दाखवला. युद्धकैद्यांना लोकांच्या कुतूहलाचा विषय होऊ देऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. मी गप्प.

मग ती भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि मामा, हिला विचारलं होतं तुम्ही?"

ताईच्या हॉलमध्ये मी काढलेला एक फोटो फ्रेम करून लावलेला होता. २००६ सालचा. त्या जुलैत पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, अमरावती-अकोल्यासह सहा जिल्ह्यांना ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आपल्याकडे युद्ध नव्हतं, पण कॅमेरे मात्र तसेच आले होते. मीही नवा डिजिटल कॅमेरा घेऊन मूर्तिजापूरकडच्या एका गावात गेलो. नवऱ्यानं औषध घेऊन जीव दिलेली बाई, पदर तोंडाशी, मांडीवर पोर. फोटो काढला. प्रदर्शनात बक्षीसही मिळालं. विचारलं नव्हतं. पदर तोंडाशी नेला होता, तेच तिचं उत्तर होतं हे तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रेम पिशवीत घालून अमरावतीला निघालो आणि वाटेत मूर्तिजापूरला उतरलो. गावात बाई भेटली. फोटो बराच वेळ बघत राहिली.

"तवा इचारलं असतं तं नाईच म्हनलं असतं," ती म्हणाली. "डोकं ठिकान्यावर होतं का माहं?"

मी माफी मागितली. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "याची एक कापी देता का जी? पोराचा लहानपनचा एकबी फोटू नाई घरात."

येताना बसमध्ये हेच डोक्यात होतं. १९४३ च्या फोटोग्राफरला आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात मला अजूनही अर्थ वाटत नाही. ते फोटो निघाले हे बरंच झालं. पण फोटो काढणं एकदाच घडतं, दाखवणं रोज घडतं. काढलं त्यांनी, दाखवतो आपण. त्या दाखवण्याला आजचीच फूटपट्टी लागणार. माणूस हयात असेल तर जाऊन विचारावं. नसेल तर तो कुठला आणि कशानं या गतीला आला, एवढं तरी फोटोखाली लिहावं. आणि कोणाचं दुःख हॉलची शोभा म्हणून टांगू नये. मी बाकी दोन्ही गोष्टी जमत असूनही केल्या नव्हत्या, ही तिसरी चूक तर बक्षीस घेऊन केली होती.

कॉपी नेऊन दिली. फ्रेमही तिच्याचकडे ठेवली, काय करायचं ते ती ठरवेल.

भाचीला स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला. पहिला विरोधी बाजूला गेला म्हणे. असो.