जर्मन शिकावी ती कशासाठी?

महाविद्यालयीन प्रवेशांचे दिवस आले की पुण्यातील सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हमखास चर्चेला निघतो : दुसरी भाषा कोणती घ्यावी? मराठी की जर्मन, संस्कृत की फ्रेंच? त्या भाषेत काय लिहिले गेले आहे, तिच्या अभ्यासाने मुलाच्या बुद्धीला कोणते वळण लागेल, ही विचारणा या चर्चेत सहसा होत नाही. गुण कोणत्या भाषेत अधिक पडतात, एवढेच पाहिले जाते. आणि जर्मन ‘स्कोअरिंग’ आहे असा निर्वाळा ओळखीतल्या एखाद्या यशस्वी विद्यार्थ्याने दिला की निर्णय होऊन जातो. अलीकडे या कारणाला दुसऱ्या एका कारणाची जोड मिळाली आहे. जर्मनीत शिक्षण स्वस्त आहे, तेथे काम करणारी माणसे हवी आहेत, तेव्हा भाषा आलेली बरी, हे ते कारण होय. दोन्ही कारणे व्यवहाराची आहेत आणि व्यवहाराला आम्ही तुच्छ लेखीत नाही. परंतु जी भाषा या शहरात शतकाहून अधिक काळ शिकविली जात आहे, तिच्याकडून आपण गुणपत्रिका आणि व्हिसा यांपलीकडे काही मागतच नसू, तर आपल्या उच्च शिक्षणाचे कोठे तरी चुकत आहे, असे म्हणणे भाग पडते.

व्यवहाराची बाजू प्रथम पाहू. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ४९ हजारांवर गेली होती आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा ठरला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला व पहिल्या टप्प्यासाठी १० हजारांचा आकडा जाहीर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठी वार्षिक व्हिसांची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा केली. लोकसंख्या वृद्ध होत चाललेल्या देशाची ही निकड आहे, आणि तिचा लाभ आमच्या तरुणांनी घेतला तर त्यात वावगे काहीच नाही.

मात्र या वाटेवर भाषा हा केवळ टोलनाका आहे, अशी समजूत करून घेणे धोक्याचे आहे. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, व्याख्याने समजतात आणि पदवीही हाती पडते. अडते ते त्यानंतर. घरमालक, दवाखाना, नगरपालिकेची कचेरी आणि अनेक लहान-मध्यम कारखाने यांचा कारभार जर्मनमध्ये चालतो. परिचारिकेला रुग्णाचे कण्हणे समजले पाहिजे आणि डॉक्टरांची सूचना अचूक लिहून घेता आली पाहिजे. तेथे पाठ केलेली पन्नास वाक्ये उपयोगी पडत नाहीत. युरोपात २००१ पासून रूढ झालेल्या ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांपैकी पहिल्या दोन घाईघाईने चढून विमानात बसणाऱ्याची पुढे काय तारांबळ उडते, हे अनेक कुटुंबांना आता अनुभवाने कळले आहे. या पायऱ्या नीट चढविण्याचे काम मॅक्स म्युलर भवन आणि काही चांगले खासगी वर्ग करीत आहेत. महाविद्यालयाने त्याच कामाची फिकी नक्कल करावयाची, की त्याला स्वतःचे म्हणून काही कार्य आहे, हा आमच्यापुढील खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर जर्मनांच्याच इतिहासात सापडते. सर विल्यम जोन्स यांनी १७८९ मध्ये कालिदासाचे ‘शाकुंतल’ इंग्रजीत आणले. त्या इंग्रजीवरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये ते जर्मनमध्ये उतरविले आणि ते वाचून गटेसारखा महाकवी हरखून गेला. म्हणजे गटेच्या हाती पडले ते भाषांतराचे भाषांतर होते. त्याच्या देशातील विद्वान मात्र तेवढ्यावर संतुष्ट राहिले नाहीत. फ्रीडरिश श्लेगेलने पॅरिसला जाऊन संस्कृतचे धडे घेतले व १८०८ मध्ये भारतीयांची भाषा आणि ज्ञान यांवर ग्रंथ लिहिला. फ्रान्झ बॉपने १८१६ मध्ये संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक क्रियापदांशी तुलना करून तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला. १८१८ मध्ये तर बॉन विद्यापीठात आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल याच्यासाठी भारतविद्येचे स्वतंत्र अध्यासनच निघाले. इंग्रजीच्या ओंजळीने पाणी पिण्यापासून स्वतःची विहीर खणण्यापर्यंत त्या देशाला तीस वर्षेही लागली नाहीत. आम्ही शंभर वर्षे जर्मन शिकत आहोत; तरीही कांट, हेगेल, मार्क्स, फ्रॉईड आणि काफ्का आमच्या हाती पडतात ते बहुधा इंग्रजीच्या ओंजळीतूनच.

आमच्या पूर्वसूरींची रीत अशी नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. मार्टिन हौग आणि त्यांच्यामागून १८६६ ते १८८१ पर्यंत फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन पंडित पुण्यात संस्कृतचे अध्यापक होते. पतंजलीच्या महाभाष्याची कीलहॉर्न यांची आवृत्ती आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला ल्युडर्स यांच्या हाताखाली शिकले आणि तेथील संहिता-चिकित्सेची शिस्त घेऊन परतले. १९२५ पासून भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा त्यांनी वाहिली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या महाकार्याला त्यांनीच शास्त्रीय बैठक दिली. इरावतीबाई कर्वे यांनी १९३० मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट मिळविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत होते त्या काळात, १९२१ मध्ये, बॉन विद्यापीठाकडे त्यांनी प्रवेशासाठी अर्ज केला होता आणि तोही जर्मन भाषेत लिहून. या माणसांना गुणांची टक्केवारी वाढवावयाची नव्हती. एका विशिष्ट ज्ञानाची किल्ली त्या भाषेत आहे हे ओळखून त्यांनी ती हस्तगत केली, आणि तिने उघडलेल्या दालनातील द्रव्य मायदेशी आणले.

याउलट आजच्या वर्गात काय चालते? धडा होतो, त्याखालच्या रिकाम्या जागा भरल्या जातात, स्टेशनावरचा आणि उपाहारगृहातला संवाद पाठ होतो, गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडविल्या जातात आणि उत्तम गुण पदरात पडतात. त्या गुणवंतापुढे जर्मन वृत्तपत्राचे एक पान ठेवून त्याचा गोषवारा चार ओळींत मराठीत लिहावयास सांगावे, म्हणजे या शिक्षणाची खोली कळेल. यात विद्यार्थ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. जे विचारले जाते तेच तो शिकतो. शिक्षकालाही दोष देववत नाही. तासिका तत्त्वावर नेमलेला, पुढील वर्षी आपण येथे असू की नाही याची शाश्वती नसलेला शिक्षक तीन वर्षांची योजना आखून विद्यार्थी घडवील, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

दुसरी एक गोष्ट आम्हांला अधिक विचार करण्याजोगी वाटते. मराठी मुलाला आपण जर्मन शिकवितो ती इंग्रजीच्या खांद्यावर बसवून. वस्तुतः जर्मन व्याकरण जेथे इंग्रजी जाणणाऱ्याला अडते, तेथे मराठी जाणणाऱ्याची वाट पुष्कळदा मोकळी असते. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. आमच्याही भाषेत तो, ती, ते आहेच. सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी होतो आणि मुलीला असलेला ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी असतो, याचा इंग्रजाला धक्का बसतो. ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला बसू नये. त्या भाषेत चार विभक्ती आहेत. प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी ही नावे ज्याने शाळेत ऐकली आहेत त्याला त्या परक्या वाटत नाहीत. ‘मला ठाऊक आहे की तो उद्या पुण्याला जातो’ या वाक्यातील गौण वाक्याचे क्रियापद शेवटी येते. जर्मनमध्येही ते तेथेच येते. लांबलचक सामासिक शब्दांचे भय संस्कृत समास सोडविलेल्याला कशाला वाटावे? ‘तू’ आणि ‘आपण’ यांतील अंतर तर आम्हांला कोणी शिकवावयास नको. इतके जवळचे साधन हाताशी असताना ते बाजूस सारून आपण दूरच्या वळणाने जातो, आणि मग ही भाषा अवघड आहे म्हणून तिचे पाठांतर करतो!

म्हणूनच ‘मराठी की जर्मन’ हा पर्यायच आम्हांला मान्य नाही. अकरावीत गुणांसाठी मराठी सोडून जर्मन घेणारा विद्यार्थी जर्मनचाही विद्यार्थी होत नाही, कारण जे मिळाले ते ठेवावयाला त्याच्याजवळ घरचे भांडे उरत नाही. संस्कृत आणि जर्मन यांची झुंज लावणेही तितकेच अविचाराचे आहे. २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांतून तिसरी भाषा म्हणून चालू असलेली जर्मन, वर्ष अर्ध्यावर आले असताना, काढून तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला. त्या वेळी दोन्ही बाजूंनी पुष्कळ आवेश दिसला. ज्या दोन भाषांच्या सहवासातून एक नवे शास्त्र जन्मले त्यांना आम्ही एकमेकींच्या सवती करून ठेवल्या, याची खंत मात्र फारशी कोणी केली नाही.

परकीय भाषेचा साक्षात परिचय स्वभाषेला काय देऊ शकतो याची कल्पना आमच्या प्रेक्षकांना आहे. ब्रेख्टच्या नाटकांवरून खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ सिद्ध केला, तेव्हा मराठी रंगभूमीला आपल्याच लोककलेकडे नव्याने पाहण्याची दृष्टी आली. तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, संगीतशास्त्र आणि तंत्रविद्या या क्षेत्रांतही असे घडावयाचे असेल, तर मूळ जर्मन वाचून मराठीत लिहिणारी माणसे हवीत. अशी थोडी माणसे आज निष्ठेने काम करीत आहेत. त्यांची परंपरा चालविणारे विद्यार्थी निपजावेत एवढेच मागणे आहे.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षी न वाचलेला जर्मन उतारा शब्दकोश हाताशी देऊन मराठीत उतरविण्याची परीक्षा असावी. जर्मन घेणाऱ्या विद्यार्थ्याला मराठी किंवा संस्कृतही सोबत घेता यावी, अशी विषयांची मांडणी असावी. मराठीच्या आधाराने लिहिलेले जर्मन व्याकरण आणि विश्वसनीय जर्मन-मराठी कोश यांचे काम पुणे व मुंबई विद्यापीठांच्या जर्मन विभागांनी संयुक्तपणे अंगावर घ्यावे. आणि ज्या महाविद्यालयात जर्मनचे वर्ग भरलेले आहेत, तेथे निदान एक तरी कायम अध्यापक नेमला जावा. पालकांनाही आमची एक विनंती आहे : या वर्षी प्रवेशाचा अर्ज भरताना मुलाला गुण किती पडतील हे अवश्य विचारावे, परंतु तीन वर्षांनी त्या भाषेतील कोणते पुस्तक त्याला वाचता येईल, हेही महाविद्यालयाला विचारावे. हा प्रश्न पुरेशा पालकांनी विचारला, तर त्याचे उत्तर देणे महाविद्यालयांना टाळता येणार नाही.