तुरुंगातील वर्धापनदिन

वर्धापनदिन म्हटला की व्यासपीठ, पुष्पहार आणि मान्यवरांची भाषणे डोळ्यांसमोर येतात. यांपैकी काहीही नसताना, उलट शिक्षा अटळ असताना कोठडीत पाळलेल्या एका वर्धापनदिनाची कथा ‘अ रेझिस्टन्स’ हा कोरियन चित्रपट सांगतो. जो मिन-हो यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१९ साली, कोरियातील १ मार्चच्या स्वातंत्र्य चळवळीच्या शताब्दी वर्षात प्रदर्शित झाला. आपल्या संस्थेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी तो पाहावा, असे आम्हांस मनापासून वाटते.

कोरिया १९१० पासून जपानच्या अंमलाखाली होता. १ मार्च १९१९ रोजी सोल येथे स्वातंत्र्याचा जाहीरनामा घोषित झाला. त्यावरील ३३ स्वाक्षऱ्यांत ख्रिस्ती व चॉन्दोग्यो धर्मीयांसमवेत हान योंग-उन आणि बेक योंग-सोंग या दोन बौद्ध भिक्खूंच्याही स्वाक्षऱ्या होत्या, हे आपण बौद्धांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. इह्वा या मिशनरी शाळेची १६ वर्षांची विद्यार्थिनी यू ग्वान-सुन त्या निदर्शनांत उतरली. शाळा बंद करण्यात आल्यावर ती गावी परतली आणि १ एप्रिल रोजी आउने येथील बाजारात झालेल्या निदर्शनांत तिने पुढाकार घेतला. त्या दिवशी तिचे आईवडील मारले गेले आणि तिला अटक झाली.

सोदेमुन तुरुंगातील महिलांच्या आठव्या कोठडीत चित्रपट आपल्याला नेतो. तुरुंग कृष्णधवल, तर बाहेरच्या जगाच्या आठवणी रंगीत आहेत. कोठडीत इतकी दाटी की सर्वांना एकाच वेळी बसताही येत नाही. पाय सुजू नयेत म्हणून त्या स्त्रिया गोलाकार चालत राहतात. त्यांत शाळकरी मुलगी आहे आणि नृत्यगायनावर उपजीविका करणारी किम ह्यांग-ह्वाही आहे. बाहेरचा समाज ज्यांना एका पंगतीस बसू देणार नाही, त्या येथे एकमेकींना जागा करून देतात. आमच्या मते चित्रपटाचे खरे सामर्थ्य यातच आहे. यू ग्वान-सुनचा पुतळा न करता तो तिला सोबतिणींमध्ये उभी करतो. छळाची दृश्ये मात्र अंगावर येणारी आहेत. लहान मुलांना तो दाखवू नये, हे पालकांस सांगणे अगत्याचे आहे.

१ मार्च १९२० रोजी, चळवळीच्या पहिल्या वर्धापनदिनी, तिने तुरुंगातच स्वातंत्र्याचा जयघोष केला आणि इतर बंदिवानांनी तो उचलून धरला. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी, वयाच्या १७व्या वर्षी, तिचा तुरुंगात मृत्यू झाला. जपानी अंमल संपण्यास १९४५ साल उजाडावे लागले. फळ आपल्या हयातीत दिसेल या हिशेबाने तो दिवस पाळला गेला नव्हता.

आपणही १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर हे दिवस मोठ्या श्रद्धेने साजरे करतो. त्या दिवशी आपण अभिवादन करतो. पण ज्या कार्यासाठी अभिवादन करतो, त्यातील कोणता भाग त्या वर्षी स्वतः पुढे नेला, हे क्वचितच विचारतो. एखाद्या गरजू मुलीची फी भरली का? अन्याय दिसला तेव्हा साक्ष द्यायला उभे राहिलो का? ही स्मरणिका चाळताना आपली जुनी छायाचित्रे सर्वांनी अवश्य शोधावीत. त्याबरोबर या प्रश्नांची उत्तरेही प्रत्येकाने स्वतःपाशी द्यावीत, एवढेच आमचे नम्र आवाहन आहे.