शाल-श्रीफळ पुरे, आता हिशेब द्या

डिसेंबर-जानेवारी आला की कॉलेजांमध्ये स्नेहसंमेलनांबरोबर गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. खेळाडूंची यादी वाचली जाते. आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीत प्रथम, विद्यापीठाच्या संघात निवड, राष्ट्रीय स्पर्धेत सहभाग. एकेक मुलगी व्यासपीठावर येते, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह घेते, पाहुण्यांच्या पाया पडते, फोटो निघतो. या याद्यांमध्ये मुलींची नावे दिसतात याचा आनंद मलाही आहे. तरीही मैत्रिणींनो, मला स्पष्टच म्हणायचे आहे की हे समारंभ म्हणजे जबाबदारी झटकण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग झाले आहेत. मुलीने काय काय सोसले त्याचे कौतुक होते. ते तिला का सोसावे लागले, हे मात्र कोणी विचारत नाही.

नाशिक जिल्ह्यात याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने याच शर्यतीत रौप्यपदक घेतले. सुवर्ण मिळवणाऱ्या प्रीजा श्रीधरनपेक्षा ती एका सेकंदाहूनही कमी अंतराने मागे होती. २०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. तिच्यामागून चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव आली. २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत तिला ५,००० मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी तैपेईच्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्य मिळाले. मोनिका आथरे त्याच वर्षी लंडनला जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एका जिल्ह्यातून लांब पल्ल्याच्या एवढ्या मुली पुढे याव्यात ही साधी गोष्ट नाही. त्यामागे त्यांचे कष्ट आहेत आणि त्यांच्या प्रशिक्षकांचेही आहेत.

पण आपण हे कष्ट कसे सांगतो ते पाहा. 'अनवाणी धावणारी आदिवासी मुलगी' हे शब्द वर्तमानपत्रांना आणि वक्त्यांना फार आवडतात. पायात बूट नसणे हा जणू तिचा गुण! डोंगरातून पाणी आणल्यामुळे तिचा दम वाढला, असे भाषणात सांगितले की टाळ्या पडतात. पाण्यासाठी मैलोन् मैल चालणे हे जर प्रशिक्षण असेल, तर आपल्या आदिवासी तालुक्यांतल्या साऱ्याच बाया ऑलिंपिकला जायला हव्या होत्या. त्या गेल्या नाहीत. त्यांचे गुडघे गेले, पाठ गेली, शाळा सुटली. याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बाया तास नदीच्या दरीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन जात होत्या. त्यांचे फोटो छापून आले तेव्हा, २०२२ च्या जानेवारीत, तिथे लोखंडी पूल टाकला गेला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहून गेला. म्हणजे कविताने जगात तालुक्याचे नाव केल्याला अकरा-बारा वर्षे झाली, तरी तालुक्याने आपल्या बायांना नदी ओलांडायला धड पूल दिला नव्हता. मग तिच्या सत्काराला हजर राहिलेल्या पुढाऱ्यांनी नेमका कशाचा सत्कार केला होता?

तीच गोष्ट 'लेक' या शब्दाची. पदक मिळाले की ती 'जिल्ह्याची लेक' होते, 'नाशिकची कन्या' होते. पदक मिळेपर्यंत ती फक्त तिच्या आईबापाची असते. तिचा खुराक, तिचे बूट, तिचे एसटीचे भाडे, तिच्या लग्नाचे वय उलटत चालल्याबद्दलचे भाऊबंदांचे टोमणे, सगळे त्यांच्या अंगावर. पदकाशिवाय परतलेली मुलगी कोणाची लेक?

मागे एका तालुक्याच्या कॉलेजात मी मुलींशी बोलायला गेले होते. कॉलेजचे नाव लिहीत नाही, कारण असे कॉलेज एकच नाही. कार्यालयाबाहेर भिंतीवर खेळाडूंचा गौरवफलक होता, नावे सोनेरी अक्षरांत. मी संघातल्या मुलींना विचारले, मागच्या वर्षी फलकावर नाव लागलेल्या दोघी कुठे आहेत? एकीने सांगितले, "लग्न झालं तिचं, मॅडम." दुसरीचेही तेच. एकीने बारीक आवाजात सांगितले, "पाचला उठते, पाणी आणते, भाकरी करते. मग पळायला वेळ उरला तर." मैदानाजवळ मुलींना कपडे बदलायला खोली नव्हती. संडास होता, त्याला आतून कडी नव्हती. पाळीच्या दिवसांत काय करता, असे विचारल्यावर साऱ्या हसल्या आणि गप्प झाल्या. सर पुरुष, त्यांना कसे सांगणार? त्या दिवसांत 'बरं नाही' म्हणून घरी राहायचे, आणि मग सर म्हणणार, मुली नियमित येत नाहीत. सोनेरी फलकाचा खर्च ज्या कॉलेजाला झेपतो, त्याला कडीचा खर्च झेपत नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे दोघींत एकीपेक्षा जास्त. अशा शरीरांकडून आपण पदके मागतो. खेळाडू मुलीच्या रक्ताची तपासणी वर्षातून दोनदा करणारी किती कॉलेजे तुम्हाला ठाऊक आहेत?

नाशकात हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला सारे शहर 'गोल्फ क्लब' म्हणते. तिथे गोल्फ कोणी खेळत नाही. क्रिकेटचे सामने होतात, सभा होतात, सकाळ-संध्याकाळ बाया चालायला येतात. अमेरिकेत मात्र कॉलेजाकॉलेजांतून मुलींचे खरेखुरे गोल्फचे संघ असतात आणि त्यांच्याही गौरवयाद्या मोठ्या थाटात निघतात. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, त्याच्याशी आपले देणेघेणे नाही. पण ती यादी कशामुळे लांबली ते समजून घेण्यासारखे आहे. १९७२ मध्ये तिथे एक कायदा झाला. त्यातल्या ३७ शब्दांच्या एका वाक्याचा मथितार्थ असा की, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही. पुढे हे वाक्य मैदानालाही लागू झाले. १९७१-७२ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली ३ लाखांहून कमी होत्या. २०१८-१९ मध्ये त्या ३४ लाखांवर होत्या. मुलींचे कौतुक वाढले म्हणून हे झाले नाही. पैशाचा हिशेब विचारण्याचा हक्क मुलींना मिळाला, आणि त्यासाठी त्या कोर्टातही गेल्या, म्हणून झाले.

आपल्याकडे कायदे नाहीत असेही नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचे ठिकाण' या व्याख्येतच क्रीडासंस्था, स्टेडियम आणि प्रशिक्षणाची जागा, निवासी असो वा नसो, समाविष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती सक्तीची केली आहे. आणि प्रत्यक्षात? २०२३ मध्ये देशासाठी पदके आणणाऱ्या कुस्तीगीर मुलींना दिल्लीच्या जंतरमंतरवर रस्त्यावर बसावे लागले, तेव्हा कुठे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने अनेक क्रीडा महासंघांना समितीबद्दल नोटिसा काढल्या. ज्यांच्या गळ्यात जगाने पदके घातली त्यांची ही गत, तर तालुक्याच्या संघातली, सरांच्या शिफारशीवर जिची निवड अवलंबून आहे ती मुलगी तोंड कसे उघडेल?

काही जणी म्हणतील, निदान सत्कार तरी होतो आहे, त्यामुळे बाकीच्या आईबापांना मुलीला खेळायला पाठवायचा धीर येतो. हे खरे आहे, आणि म्हणून सत्कार बंद करा असे मी म्हणत नाही. पण सत्कार झाला म्हणजे देणे फिटले, हे चालणार नाही. खुद्द कविता राऊतला २०२४ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले की राज्य शासनाच्या नोकरीसाठी आपल्याला डावलले गेले, आणि आपण आदिवासी असल्यामुळे हे घडले असा तिचा आरोप होता. अर्जुन पुरस्काराच्या मानकरी बाईवर हे बोलायची वेळ यावी, यातच या गौरवाची किंमत कळते. शाल देताना हात पुढे येतात, हक्काची जागा देताना फाइल पुढे सरकत नाही.

तेव्हा यंदा तुमच्यापैकी जिला अशा समारंभाचे बोलावणे येईल, तिने जरूर जावे. पाहुणी म्हणून माइक हातात आला की प्राचार्यांना पुढचे प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे लेखी मागावीत. क्रीडा शुल्क मुलींकडूनही घेता, तर त्यातले किती रुपये मुलींच्या संघांवर खर्च झाले? मैदानाजवळ कडी लागणारा संडास आणि कपडे बदलायची खोली आहे का? संघाबरोबर परगावी बाई शिक्षिका जाते का? तक्रार समितीतल्या सदस्यांची नावे आणि फोन क्रमांक मुलींना दिसतील अशा जागी लावले आहेत का? खेळाडू मुलींना सरावानंतर खायला काय मिळते? आणि मागच्या तीन वर्षांच्या यादीतल्या मुलींपैकी आज किती जणी खेळत आहेत, किती शिकत आहेत, किती जणींची लग्ने अठरा पुरी होण्याआधी झाली?

हे प्रश्न एकटीने विचारले तर 'आगाऊ बाई' म्हणून सोडून देतील. प्रत्येक तालुक्यातल्या संघटनेने विचारले तर उत्तर द्यावेच लागेल. मिळालेली उत्तरे या अंकाकडे पाठवा. आपण ती छापू, कॉलेजवार, ओळीने. तीही एक गौरवयादीच होईल, फक्त या वेळी त्यात मुलींची नाही, संस्थांची नावे असतील.